स्वातीला अजून सांगू नकोस

लिंबायत, सुरत
१२ सप्टेंबर १९९६

मित्र चिंधा यास लक्ष्मणचा रामराम.

तुझी स्वाती इथल्या नर्सिंग शाळेत लागली त्याला महिना झाला. होस्टेलच्या खोलीत चौघीजणी आहेत, तीन गुजराती आणि ही. डाळीत गूळ असतो म्हणून पहिले आठ दिवस ती नीट जेवली नाही. आता आमची शांता दर रविवारी कळण्याची भाकरी आणि ठेचा डब्यात घालून देते. तब्येत चांगली आहे, काळजी करू नकोस.

दुसरी गोष्ट माझी आहे, आणि ती लिहायला मला थोडी लाज वाटते. तुला ठाऊक आहे, वीस वर्षं मी या ट्रस्टच्या हॉस्पिटलात केसबारीवर, केसपेपरच्या खिडकीवर बसतो. आलेल्याचं नाव, गाव, वय विचारायचं, कागद करायचा आणि आत पाठवायचं. परवा नर्सिंग शाळेच्या मोठ्या बाई, चंचलबेन, माझ्या खिडकीशी अर्धा तास उभ्या राहिल्या. म्हणाल्या, लक्ष्मणभाई, हा माणूस तुम्हाला सांगतो की दोन दिवस छातीत कळ येते आहे, आणि आत गेल्यावर माझ्या मुलींना म्हणतो की काही नाही, बरं आहे. हे कसं? मी म्हटलं, बेन, मी दुखणं विचारतच नाही. गाव विचारतो. शिंदखेड्याकडचा म्हणाला की कोणतं गाव, तिथली विहीर आटली का, हे विचारतो. दुखणं मागून आपल्या पायांनी येतं.

मला वाटलं त्या हसतील. पण म्हणाल्या, दर गुरुवारी एक तास पहिल्या वर्षाच्या मुलींना हेच शिकवा. पेशंटशी कसं बोलायचं ते पुस्तकात आहे, पण पुस्तकातलं त्यांना वॉर्डात उपयोगी पडत नाही. चिंधा, सातवी शिकलेला माणूस नर्सना शिकवणार! पण प्लेगच्या वर्षी निम्मं शहर पळालं तेव्हा मी बारीवरून हललो नव्हतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांना नाही म्हणवेना. सकाळी पांडुरंगापुढे हात जोडून म्हटलं, तूच बोल, मी नुसता उभा राहतो.

आता मुद्द्याचं. स्वाती बोलत नाही. हात चांगला आहे, पट्टी सुरेख बांधते, पण खाटेजवळ गेली की तोंडाला कुलूप. तिची आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. तुझ्या बहिणीने, सुभद्राबाईंनी, तिला वाढवलं. त्यांना तिच्या मनातलं न सांगताच कळायचं, म्हणून ही बोलायला शिकलीच नाही की काय, असं मला वाटतं. पहिले सहा महिने कच्चे असतात. जानेवारीच्या शेवटी चंचलबेन परीक्षा घेतात, माणसाशी बोलून दाखवायची. जमलं तर डोक्यावर नर्सची टोपी चढते, नाही तर सामान बांधून घरी. हे तुला आधीच कळलेलं बरं.

तुझा,
लक्ष्मण


सावखेडे, ता. अमळनेर
२४ सप्टेंबर १९९६

लक्ष्मण गुरुजींना चिंधाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र गिरणीवर दळण घालता घालता वाचलं आणि इतका हसलो की ज्वारीच्या डब्यात गहू पडले. आपल्या सुपडू गुरुजींनी तुला तेराच्या पाढ्यावरून लिंबाखाली उभं केलं होतं, आठवतं ना? तू तिथे उभा राहून मुंग्यांशी बोलत होतास. गुरुजी म्हणाले होते, हा पोरगा कामाचा नाही, याला फक्त बोलता येतं. घे, त्याच बोलण्याने तू मास्तर झालास. गुरुजी असते तर त्यांनी तुला पुन्हा लिंबाखाली उभं केलं असतं.

स्वातीचं वाचून मात्र हसू गेलं. तिचा मामा दोंडाईच्याहून दोनदा येऊन गेला. त्याने मुलगा बघून ठेवला आहे. मी म्हटलं, पोरगी शिकते आहे. ती परत आली तर त्याला सांगायला माझ्याजवळ काही उरत नाही. वैशाखात मांडव पडेल आणि मग ती दोंडाईच्याला भाकरी थापत बसेल. सुभद्राबाईने मला शपथ घातली आहे की पोरगी टोपी घालूनच या दारात आली पाहिजे. गावात कुणाच्या पोरीने घातली नाही, म्हणून तिला जास्तच हौस. तेव्हा तुझ्या गुरुवारच्या तासाला जे काय शिकवायचं ते तिला आधी शिकव.

बाई चुलीपासून ओरडून सांगते आहे, ते जसंच्या तसं लिहितो: 'लक्ष्मणले सांग, पोरगीवर रागे भरू नको. ती समदं आयकस, बोलत नही इतलंच.'

चिंधा


लिंबायत, सुरत
३ नोव्हेंबर १९९६

प्रिय चिंधा,

दिवाळी तोंडावर आली. पहिल्या वर्षाच्या मुलींना रजा नाही, त्यामुळे स्वातीची दिवाळी आमच्याकडेच. बाईंनी आपल्या गावच्या हिलालबरोबर पाठवलेले सांजोरीचे डबे पोचले. एक डबा होस्टेलच्या मुलींनी एका बैठकीत संपवला.

माझे सहा तास झाले. पहिल्या तासाला घाम फुटला. समोर बावीस मुली, हातात खडू, आणि फळ्यावर काय लिहावं सुचेना. शेवटी खडू खाली ठेवला आणि त्यांना घेऊन पुरुषांच्या वॉर्डात गेलो. तिथे शिरपूरकडचा दगा नावाचा कामगार होता, वीस वर्षं लूमवर. एक मुलगी कागदात बघून त्याला विचारत होती, काका, दवा पीधी? तो गप्प. तिने दोनदा विचारलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली की हे काका घमेंडी आहेत. मी म्हटलं, बेटा, कागद खाली कर आणि तोंड त्यांच्याकडे करून विचार. तिने तसं विचारल्याबरोबर दगा म्हणाला, 'पीधी बेन, क्यारनी पीधी.' केव्हाच घेतली होती.

लूमच्या खडखडाटात माणसाचे कान जातात, चिंधा, आणि तो ओठ बघून ऐकायला लागतो. आपली माणसं राहतात त्या नवागामातल्या निम्म्या पुरुषांचं असंच आहे. त्यांच्या बायकांना हे ठाऊक आहे, डॉक्टरांना नाही. त्या दिवसापासून मुली कागद बगलेत धरून बोलतात.

दुसरं मी त्यांना एवढंच सांगितलं की पायथ्याशी उभं राहून विचारलं तर माणूस साहेबाला उत्तर देतो, उशाशी बसून मनगट धरलं तर आपल्या माणसाला देतो. हे मी कुठे शिकलो याचा घरी येताना विचार केला. आपल्याला एकदमच गोवर निघाला होता आणि तुमच्या ओसरीवर एका वाकळेवर आपण दोघं पडलो होतो. बाईंचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. काही न विचारता त्या मनगट धरून बसायच्या आणि मग आपणच काय काय दुखतं ते सांगत सुटायचो. तू तर गुडघा फुटला होता तेही सांगितलंस. ती ओसरी, तो लिंबाचा पाला, तो ताप सुद्धा आता गोड वाटतो.

स्वाती तासाला मागे उभी असते. दगाला ऐकू येत नाही हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तिची मैत्रीण मयुरी सांगत होती, स्वाती त्याला औषध देताना आधी खाटेवर थाप मारते आणि मग समोर जाऊन उभी राहते. बघ, कळतं सगळं. पण शब्द नाही. मी रागे भरत नाही, बाईंना सांग.

लक्ष्मण


सावखेडे
२ डिसेंबर १९९६

लक्ष्मण,

पत्र मिळालं. गिरणीचा पट्टा तुटला होता म्हणून उत्तराला उशीर झाला. थंडी बरी पडली आहे, हरभरा चांगला आहे. बाईला थोडा खोकला आहे, हवा बदलली की तिला होतोच. स्वातीला म्हणावं अभ्यासात लक्ष घाल, इकडची काळजी नको.

चिंधा


लिंबायत, सुरत
१९ डिसेंबर १९९६

प्रिय चिंधा,

तुझं पत्र आलं की मी ते स्वातीला वाचायला देतो. ती आधी शेवट वाचते, बाईंच्या, तिच्या फुईच्या ओळी. या खेपेला त्या नव्हत्या. तिने पत्र उलटून पाहिलं आणि म्हणाली, काका, फुईनं काहीच सांगितलं नाही? मी म्हटलं, कामात असतील, चुलीपाशी. तर म्हणते, चुलीपाशी असते तेव्हाच तर ती ओरडून सांगते. खोकला किती आहे ते नीट कळव. अमळनेरला डॉक्टरकडे नेलं का?

परीक्षा सत्तावीस जानेवारीला ठरली आहे, सोमवारी. चंचलबेन चिठ्ठ्या करणार आहेत. प्रत्येक मुलीने एक उचलायची आणि त्यात लिहिलेला प्रसंग करून दाखवायचा. कुणाला औषध न घेणारा म्हातारा, कुणाला घाबरलेली बाळंतीण, कुणाला माणूस दगावल्याची बातमी ऐकून समोर बसलेला भाऊ. या सगळ्यांचं सोंग मी घ्यायचं आहे. भजनी मंडळात मी कधी टाळसुद्धा पुढे होऊन वाजवला नाही, आणि आता बाळंतीण होणार. शांता दोन दिवस हसते आहे.

स्वाती मात्र हसत नाही. तिला भीती बसली आहे. मी म्हटलं, तोंडातून जे येईल ते, ज्या भाषेत येईल त्या भाषेत बोल. ती म्हणाली, आलंच नाही तर?

लवकर लिही.

लक्ष्मण


अशुभ

सावखेडे
८ जानेवारी १९९७

लक्ष्मण,

बाई गेली. परवाच्या रविवारी, पाच तारखेला सकाळी. छातीत कफ भरला होता. तेराव्याची गंधमुक्ती सतरा तारखेला आहे.

स्वातीला अजून सांगू नकोस. कळलं तर ती उठून येईल आणि मग परत जायची नाही, मी तिला ओळखतो. बाईचा शब्द होता की पोरीने टोपी घालूनच यावं. सत्तावीस तारीख होऊ दे, मग सांगू. नवागामातल्या आपल्या लोकांनाही गप्प राहायला सांग. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.

चिंधा


लिंबायत, सुरत
१९ जानेवारी १९९७

चिंधा,

तुझं कार्ड दारातच वाचलं, रीतीप्रमाणे फाडून टाकलं आणि अंघोळ केली. कागद गेला, पण अक्षरं समोरून जात नाहीत. बाई माझ्या कोण होत्या ते तुला वेगळं लिहायला नको.

तू सांगितलंस तसं केलं. नवागामात आपल्या गावची अकरा घरं आहेत. प्रत्येक घरी जाऊन हात जोडले की स्वातीच्या कानावर घालू नका. हिलालची बायको म्हणाली, भाऊ, गळ्यात माळ घालता आणि आम्हाला खोटं बोलायला शिकवता? मी खाली मान घालून निघालो. ती गैर काही बोलली नाही.

संक्रांतीला तीळगूळ घेऊन होस्टेलवर गेलो. या लोकांचा हा मोठा सण. सगळ्या मुली गच्चीवर पतंग उडवत ओरडत होत्या. स्वाती एकटी खाली आली. तिने मला बाकावर बसवलं, पाण्याचा पेला आणला. मी म्हटलं नको, घाईत आहे. अभ्यास कर, लाजू नकोस, अशी चार वाक्यं बोललो. तिने घरचं विचारलं. मी म्हटलं, पत्र येईल. ती माझ्याकडे बघत राहिली, पण तिला काही कळलं नाही. उन्हातून चालत गेलो होतो, घशाला कोरड पडली होती. घरी येऊन मग पाणी प्यालो.

गुरुवारी तास घेतला. बातमी ऐकणाऱ्याजवळ कसं बसावं ते शिकवायचं होतं. मुलींना सांगितलं की खरं सांगा, साध्या शब्दांत सांगा, आणि सांगून पळू नका. ती मागे उभी होती. माझी वाक्यं मलाच टोचत होती. सायंकाळी पांडुरंगापुढे बसलो तर तोंड उघडेना.

आठच दिवस उरले आहेत. मी तुझा शब्द पाळीन. पण हे बरं नाही, चिंधा.

लक्ष्मण


लिंबायत, सुरत
२८ जानेवारी १९९७

चिंधा,

काल परीक्षा झाली. जे झालं ते सगळं लिहितो, तू बसून वाच.

मधल्या हॉलमध्ये एक बाकडं ठेवलं होतं आणि त्यावर मी. समोर चंचलबेन वही घेऊन. मुली भिंतीशी ओळीत. बारा-तेरा मुली झाल्या. मी म्हातारा झालो, बाळंतीण झालो, मुली हसल्या, बरं चाललं होतं. मग स्वातीचं नाव आलं. तिने चिठ्ठी उचलली, वाचली आणि घडी करून मुठीत धरली. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून आणला. माझ्यासमोर स्टूल ओढून बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. आणि बराच वेळ काही बोलली नाही. चंचलबेननी घड्याळाकडे पाहिलं.

मग म्हणाली, 'काका, पानी ल्या.'

मी हात पुढे केला नाही. का केला नाही ते मला तेव्हाही कळलं नाही.

ती म्हणाली, 'त्या दिवशी बी तुमी लिधं नही. सुभद्राफुई गयी ना? तुमले माहीत शे. मालेबी माहीत शे. आते पानी ल्या.'

चिंधा, मौतीचा निरोप घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी घेत नाही. आपल्या गावातलं शेंबडं पोर हे जाणतं. सांगायला आलेला सांगून होईपर्यंत कोरड्या तोंडाने बसतो. मी त्या दिवशी ठरवून पाणी टाळलं नव्हतं. मी तर लपवायला गेलो होतो. पण जिभेने लपवलं ते हाताने सांगून टाकलं. तिला संक्रांतीपासून ठाऊक होतं. तेरा दिवस ती ते मनात धरून पट्ट्या बांधत होती, माझ्या तासाला मागे उभी राहून माझी वाक्यं ऐकत होती.

मी रडलो. ती नाही. तिने पेला माझ्या तोंडाशी धरला, मी प्यालो, मग तिने माझं मनगट धरलं आणि तिथेच बसून राहिली. आपली अहिराणी या मुलींना बरीच कळते, त्यांच्या भाषेपासून लांब नाही. मागून एकदोघींचं मुसमुसणं ऐकू आलं. त्यांना वाटलं, काय सुरेख करून दाखवलं.

चंचलबेननी तिच्या मुठीतली चिठ्ठी मागितली. त्यात लिहिलं होतं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला उपाशी राहायला समजावणे. त्यांनी मुलींना बाहेर पाठवलं आणि मला विचारलं की हे काय होतं. मी सगळं सांगितलं, तुझं कार्ड, माझी शपथ, संक्रांत. त्यांनी वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, 'लक्ष्मणभाई, आ परीक्षा छोकरीनी हती के तमारी?' आणि स्वातीच्या नावापुढे पास लिहून सही केली.

संध्याकाळी ती शांताच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. नंतर मला तीन गोष्टी विचारल्या. फुई केव्हा गेली, किती दिवस आजारी होती, आणि मला बोलवत होती का. पहिलीचं उत्तर मी दिलं. दुसरीचं मला नीट ठाऊक नाही, तू खोकला एवढंच लिहिलं होतंस. तिसरीचं अजिबात ठाऊक नाही. तुझ्याकडे असेल तर कळव. तिला पंधरा फेब्रुवारीपासून चार दिवसांची रजा मिळाली आहे, ती घरी येते आहे.

लक्ष्मण


सावखेडे
४ फेब्रुवारी १९९७

लक्ष्मण,

तुझं पत्र वाचून गिरणीवर बसलो होतो, माणसं दळण ठेवून कधी गेली कळलं नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. बाई दिवाळीनंतरच अंथरुणाला लागली होती. डिसेंबरात मी तुला जे लिहिलं ते खोटं होतं. शेवटचे चार दिवस ती पोरीला बोलवत होती. सकाळ झाली की विचारायची, संध्याकाळ झाली की विचारायची. मी तिला सांगितलं, पोरगीचं पत्र आलं आहे, परीक्षा झाली की लगेच येते. असं काही पत्र नव्हतं. बाईला वाचता येत नाही, मी हातात कागद धरून वाचल्यासारखं केलं. तो तुझाच जुना कागद होता.

मला वाटलं मी बाईचाच शब्द पाळतो आहे. आता वाटतं, पोरगी आली असती आणि परत गेली नसती, याचीच मला भीती होती, आणि बाई जे खरोखर मागत होती ते मी ऐकलं नाही.

हे स्वातीला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. रागाच्या भरात मामाकडे जाऊन बसेल आणि सुरत, शाळा, सगळं सुटेल. लक्ष्मण, तिची गाडी निघण्याआधी तूच तिला सांग. ती तुला मानते आणि तुला सांगायची रीत येते. मला येत नाही.

चिंधा


लिंबायत, सुरत
१० फेब्रुवारी १९९७

प्रिय चिंधा,

मी सांगणार नाही. एकदा तुझ्या शब्दासाठी गप्प राहिलो. आता तुझ्यासाठी बोलणार नाही.

चौथीत असताना सुपडू गुरुजी आपल्याला पत्रं वाचायला घरोघरी पाठवायचे. तू धडाधड वाचायचास, मी शेजारी उभा. पाटाजवळच्या अनुसयाबाईचं पत्र आठवतं? नवरा मुंबईच्या गिरणीत. पत्रात होतं की तो फार आजारी आहे, कुणीतरी येऊन घेऊन जा. तिने पदराला हात पुसत आपल्यासमोर बसकण मारली, आणि तिचा चेहरा बघून तू वाचलंस की सर्व खुशाल आहे, दिवाळीला येतो. तिने आपल्याला मूठ मूठ शेंगा दिल्या. वाटेत तू रडलास आणि मी म्हटलं, मी कुणाला सांगणार नाही. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं, ते गुरुजींनी वाचलं. चाळीस वर्षं आपण यावर एक शब्द बोललो नाही. तू नऊ वर्षांचा होतास, तुला दुःख बघवलं नाही, एवढाच तुझा गुन्हा. पण शेंगा मीही खाल्ल्या होत्या.

आता आपण पन्नाशीला आलो. देव पुन्हा पुन्हा तोच धडा पुढे ठेवतो, आपण वाचेपर्यंत.

मुलींना सांगतो तेच तुला सांगतो. आधी गिरणी बंद कर. पट्टा चालू ठेवून त्या आवाजात अर्धं बोलायची तुझी सवय मला ठाऊक आहे. समोर बस. झालं ते एकदाच, सरळ सांग. कारण देऊ नकोस, कारण सांगणाऱ्याच्या सोयीचं असतं. मग उठून जाऊ नकोस. ती रडली तर रडू दे, गप्प बसली तर तूही गप्प बस. ती परत इकडे येईल की नाही हे तुझ्या-माझ्या हातात नाही. सहा महिने आपण ते आपल्या हातात आहे असं समजून चाललो, त्याचं काय झालं ते बघितलंस.

शनिवारच्या पॅसेंजरने ती येते आहे. स्टेशनवर जा.

तुझाच,
लक्ष्मण


सावखेडे
२१ फेब्रुवारी १९९७

लक्ष्मण,

शनिवारी स्टेशनवर गेलो. ती उतरली, पाया पडली. घरात येऊन बाईच्या जागी दिवा लावला.

रविवारी सकाळी गिरणीवर गर्दी होती. मी पट्टा उतरवला. लोकांनी विचारलं, लाइट गेली का? म्हटलं, नाही, आज बंद. घरात ती तांदूळ निवडत होती. समोर बसलो आणि सांगितलं. बाई तुला चार दिवस बोलवत होती. मी तुला कळवलं नाही, आणि तिला खोटं पत्र वाचून दाखवलं. पुढे एक कारण तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं.

तिने ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, 'फुई काय म्हने? तिनाच शब्द सांगा.'

मी सांगितलं: 'पोरगीले बलाव. सांगनं काही नही, नुसती दखनी शे.' पोरीला नुसतं बघायचं होतं तिला.

तिने ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग ती रडली. मला उठून बाहेर जावंसं फार वाटलं, गिरणी, गुरं, कुठेही. नाही उठलो. तू म्हणालास म्हणून नाही उठलो.

त्यानंतर दीड दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, ताट सरकवायची, झालं. सोमवारी तिचा मामा दारावर बसायला आला. दुःखाचं बोलून झाल्यावर म्हणाला, आता घरात बाईमाणूस नाही, पोरीला ठेवून घ्या, वैशाखात उरकून टाकू. मी स्वातीकडे पाहिलं. मला वाटलं, माझ्यावरच्या रागाने ती हो म्हणेल. मी काही बोलायला गेलो तर तिने हात वर करून मला थांबवलं आणि मामाच्या समोर जाऊन उभी राहिली. 'मामा, मनी बुधवारले ड्युटी शे.' एवढंच. मामा चहा पिऊन गेला.

मंगळवारी तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, आबा, मी आजून रागमा शे. मी म्हटलं, बरं. म्हणाली, पन पत्र लिखा. मी म्हटलं, लक्ष्मणला लिहितोच की. तर म्हणाली, माले लिखा. गाडी हलली.

लक्ष्या, ती अठरा वर्षांची झाली आणि मी तिला एक ओळ लिहिलेली नाही. जे काय लिहिलं ते तुझ्या पत्राआडून. काल वही घेऊन बसलो. 'चि. स्वाती' एवढं लिहिलं आणि तासभर पेन हलेना. नुसतं खुशाल लिहायचं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मग लिहिलं की तू गेलीस त्या दिवशी मी सवयीने बाईला धरून तिघांचं पीठ मळलं. त्याच्यापुढे आपोआप येत गेलं, चार पानं झाली.

पाकीट चिकटवलं आहे. आत काय आहे ते तुला सांगणार नाही. तू फक्त होस्टेलचा पत्ता पाठव, पिनकोडासकट.

चिंधा